विहिरीवरची जांभळ आणि हिरवं आकाश

आमच्या गल्लीत गेल्या हंगामात जेवढी लग्नं झाली, त्या सगळ्यांत ड्रोन उडाला. नवरदेवाच्या फेट्यावरून गेला, मांडवातल्या पंख्याला घासला, एकदा तर वरणाच्या पातेल्याजवळ बसला. त्यासाठी कुणी कुणाला विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. मी विचारलं. पुढं जे काही झालं, ते एवढ्यामुळंच झालं.

मी धाराशिवला एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतो. कचेरीचं नाव सांगत नाही; सांगितलं तर त्याचंही एक पत्र येईल आणि ते मलाच आवक करावं लागेल. ज्या गोष्टीला आवक क्रमांक नाही ती जगात घडलेलीच नाही, अशा समजुतीवर माझी नोकरी उभी आहे. घरीसुद्धा मी दळणाचा डबा कुणाच्या हाती गेला आणि कुणाच्या हाती परत आला याची तोंडी का होईना नोंद ठेवतो. राजेश्वरी, म्हणजे माझी बायको, याला रोग म्हणते.

आता ड्रोन कशाला, तर आईसाठी. आई, कस्तुराबाई, गुडघे गेल्यापासून आमच्याकडं असते. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. ती वर आली ती पुन्हा उतरली नाही. गावाकडं, येरमाळ्याच्या अलीकडं, आमचं शेत आहे. ते धाकटा भाऊ गोरोबा करतो. शेतात विहीर आणि विहिरीच्या काठावर जांभळ. आम्हा दोघा भावांच्या झोळ्या त्या जांभळीला टांगून आईनं खुरपणी केलेली. मागच्या उन्हाळ्यात गोरोबानं विहीर खोल करायला काढली आणि आईच्या मनानं घेतलं, की यंत्र आत घ्यायला म्हणून यानं जांभळ तोडली.

गोरोबा फोनवर रोज सांगायचा, जांभळ जागेवर आहे. आईचा विश्वास नव्हता. त्याला कारण होतं. पूर्वी एकदा गोरोबानं म्हैस विकली होती आणि विकल्यावरही बरेच दिवस तो आईला फोनवर म्हशीची खुशाली सांगत होता. आज जरा कमी दूध दिलं, असंसुद्धा त्यानं एकदा सांगितलं होतं. आईला वाईट वाटू नये हा त्याचा हेतू होता, पण अशा हेतूंचा पुढं पुरावा म्हणून उपयोग होतो.

मग गोरोबानं जांभळीचा फोटो पाठवला. आईनं फोन डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आणि म्हणाली, "ही कुणाचीबी जांभळ असंल. तालुक्यात काय कमी हायत्या." तिचं म्हणणं असं, की एकाच चित्रात जांभळ, विहीर, खालचा ओढा आणि लांब डोंगरावरच्या येडाईच्या देवळाचा कळस असं सगळं दिसलं तर ती मानेल. जमिनीवर उभं राहून या चारही गोष्टी एका वेळी दिसत नाहीत. मी गोरोबाला तसं सांगितलं. तो म्हणाला, मग काय मी खांबावर चढू का.

दिवाळीला निकिता, आमची मुलगी, पुण्याहून आली तेव्हा तिनं हे सगळं ऐकून घेतलं आणि परत गेल्यावर पार्सलनं ड्रोन पाठवला. खेळण्यातला नव्हे, खरा; पण लहान. तिनं मला फोनवर एवढंच सांगितलं, की बाबा, उडवण्याआधी तिथं उडवायला बंदी नाही ना, ते बघून घ्या. सरकारचा नकाशा असतो. तिनं हे सहज सांगितलं. आपल्या बापाला सहज सांगू नये, हे तिला अजून कळलेलं नाही.

खोक्यातल्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, की अडीचशे ग्रॅमच्या आत वजन असेल तर हौशी माणसाला परवाना लागत नाही. ड्रोनच्या पोटावर वजन छापलेलं होतं. पण छापलेल्या वजनावर विश्वास ठेवायचा तर कुठल्याही पुडक्यावर ठेवावा लागेल. आमच्या किराणा दुकानाचा काटा मला वर्षानुवर्षं माहीत असल्यामुळं तो बाद होता. म्हणून मी ओळखीच्या सराफाकडं गेलो. त्यानं ड्रोन तांबड्या मखमलीवर ठेवून तोलला. नुसता ड्रोन अडीचशेच्या आत भरला. पंख्यांभोवती बसवायची प्लॅस्टिकची कडी चढवली की बाहेर जात होता. सराफानं कडी काढायचा सल्ला दिला. दागिन्यातले खडे वजा करतात तसं ते झालं. मी कडी काढून खिशात घातली आणि परवान्याच्या कटकटीतून मोकळा झालो.

पण मी सराफाच्या पेढीतून पिशवी छातीशी धरून उतरताना शेजारच्या रुद्रम्मा वहिनींनी मला पाहिलं. मी घरी पोचायच्या आत ती बातमी पोचली होती. राजेश्वरीनं त्या संध्याकाळी न सांगता भजी केली होती. पिशवीतून ड्रोन निघाल्यावर तिनं भज्यांचं ताट उचलून आत नेलं. त्यानंतरचे काही दिवस आमच्याकडं पिठलं होतं.

नकाशाचं काम मी एका रविवारी काढलं. सरकारच्या त्या जागेवर आकाशाचे तीन रंग केलेले आहेत. हिरवा म्हणजे ठरलेल्या उंचीपर्यंत उडवा, पिवळा म्हणजे आधी परवानगी घ्या, तांबडा म्हणजे विचारही करू नका. नाव-गाव, ओटीपी, परवलीचा शब्द हे सगळं पार पडायला दुपार गेली. परवलीच्या शब्दात एक तरी चिन्ह हवं असा आग्रह होता. मी पूर्णविराम टाकला तर त्यांना तो चालेना. मराठी माणसाच्या पूर्णविरामाला कुणी किंमत देत नाही, हे मला तेव्हा पुन्हा जाणवलं.

नकाशा उघडला, पण त्यात आमचं शेत सापडेना. मी गोरोबाला फोन करून शेताचे अक्षांश-रेखांश विचारले. त्यानं गट नंबर सांगितला. मग मी म्हणालो, विहिरीवर उभा राहा आणि तिथून लोकेशन पाठव. लगेच आलं. ते ठिकाण मी नकाशावर लावलं तर हमरस्त्यावरचं एक हॉटेल निघालं. पुन्हा फोन केला. गोरोबा म्हणाला, चहा घ्यायला आलो होतो, विहीर काय इथून लांब न्हाय. आई पलंगावरून ऐकत होती. ती म्हणाली, "हॉटेलात बसून विहीर म्हणतंय. जांभळ गेली, बलभीमा."

तासाभरानं गोरोबानं खऱ्या विहिरीवरून ठिकाण पाठवलं. शेत हिरव्यात होतं. विहीर, ओढा, बांध, सगळं हिरवंगार. पावसाळ्यातसुद्धा आमचं शेत एवढं हिरवं कधी दिसलं नव्हतं. मी थांबलो असतो. पण नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक सूचना होती, की स्थानिक पातळीवर तात्पुरते निर्बंध असू शकतात, तरी उड्डाणापूर्वी खात्री करून घ्यावी.

ही सूचना मी कल्याणप्पांना वाचून दाखवली. कल्याणप्पा म्हणजे रुद्रम्मा वहिनींचे यजमान. मूळचे उमरग्याचे, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्याइतका वेळेचा अभ्यास असलेला आणि स्वतःजवळ इतका वेळ असलेला दुसरा माणूस आमच्या गल्लीत नाही. ते म्हणाले, "बलभीमराव, एसटीत मी एकच शिकलो बघा. चौकशीच्या खिडकीत कुणी विचारलं की गाडी लेट व्हती. न विचारता उभारला की येती."

मी म्हणालो, पण इथं खात्री करून घ्यावी असं स्पष्ट लिहिलंय.

ते म्हणाले, स्पष्ट लिहिलेलं असतं म्हणूनच तर बारीक अक्षरांत असतं. शिवाय त्यांनी एक शंका काढली, की वारं फिरलं आणि ड्रोन कर्नाटकात गेला तर दुसऱ्या राज्याचा परवाना लागेल. येरमाळ्याहून कर्नाटक किती लांब आहे हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. पण उमरग्याच्या माणसाला सरहद्द कुठंही जवळच वाटते.

मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथले साहेब सभ्य माणूस. त्यांनी खुर्ची दिली आणि माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्ही उडवला असता तर मला कळलं नसतं. आता तुम्ही विचारलंत, म्हणजे मला माहीत झालं. माहीत झालं म्हणजे जबाबदारी आली." त्यांच्या आवाजात राग नव्हता; पाहुण्यानं सत्यनारायणाच्या दिवशी घरी येऊन उपास आहे म्हणावं तसा एक खेद होता.

अडचण अशी होती, की मध्यंतरी आपल्याकडं रात्रीचे आकाशात दिवे फिरल्याची आवई उठली होती. ड्रोन सोडून चोर घरं हेरतात म्हणे. गावोगाव लोक काठ्या घेऊन माळवदावर बसायचे. चोर कुणी पकडला नाही, ड्रोनही कुणी पकडला नाही, पण त्या काळात लोकांचं जागरण पुष्कळ झालं. तेव्हापासून त्या बाजूला ड्रोन म्हटलं की माणसं आधी काठी शोधतात. साहेब म्हणाले, लेखी अर्ज द्या, मी वर पाठवतो.

लेखी अर्ज हा शब्द ऐकून मला बरं वाटलं. माहेरी आल्यासारखं.

अर्ज वर गेला. वर म्हणजे एका मोठ्या कचेरीत. तिथं ड्रोन कोणत्या शाखेचा यावर दोन मतं पडली. हवेत जातो म्हणून एका शाखेनं नाकारला, जमिनीवरून उडतो म्हणून दुसरीनं. शेवटी कुणीतरी त्यात 'शेत' हा शब्द वाचला आणि हे फवारणीच्या ड्रोनचं प्रकरण दिसतं, असा निष्कर्ष काढला. फवारणीचा विषय ज्या कचेरीकडं आहे तिकडं तो पुढील कार्यवाहीसाठी पाठवण्यात आला.

ती कचेरी म्हणजे आमची.

एका मंगळवारी टपालाच्या गठ्ठ्यात माझ्याच अक्षरातला माझाच अर्ज माझ्या टेबलावर आला. मी तो नियमानुसार आवक केला, शिक्का मारला आणि आमच्या अधिकारी शिवकांता मॅडम यांच्यापुढं ठेवला. त्यांनी अर्जदाराचं नाव वाचलं, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, हे तुम्हीच का. मी होय म्हणालो. त्या म्हणाल्या, बरं झालं, तुम्हाला विषयाची माहिती आहे. तुम्हीच अभिप्राय लिहा.

दुसरा कुणी असता तर त्यानं लिहिलं असतं, हरकत नाही, आणि विषय संपवला असता. पण समोर कागद आला की तो कुणाचा आहे हे मला दिसत नाही. आणि अर्जात त्रुटी होत्या. संदर्भ दिलेला नव्हता. सोबतच्या कागदांवर स्वसाक्षांकन नव्हतं. प्रयोजन या सदरात 'आईस झाड दाखविणे' असं लिहिलं होतं, जे शासनाच्या कुठल्याही शीर्षात बसत नाही. मी तसं नमूद केलं. अर्जदारानं त्रुटींची पूर्तता करावी, असा शेरा मारला. पत्र टाईप झालं, जावक मीच केलं, आणि ते टपालानं माझ्या घरी आलं. राजेश्वरीनं सही करून घेतलं. वाचून तिनं मला विचारलं, हा कोण मेला आपल्या मागं लागलाय. सहीच्या वरच्या कोपऱ्यात बारीक आद्याक्षरं माझी होती. मी सांगितलं नाही.

पूर्तता मी केली. तेव्हा शिवकांता मॅडमनी, हा विषय फवारणीचा नसून कौटुंबिक असल्यानं, स्थानिक चौकशीसाठी मूळ पोलीस ठाण्याकडं परत पाठवला. म्हणजे सगळी प्रदक्षिणा घालून कागद जिथून निघाला तिथं पोचला. फरक एवढाच, की जाताना तो एक पान होता आणि येताना फाईल झाला होता.

चौकशी म्हणजे काय, तर ठाण्यातून आमच्या गावच्या पोलीस पाटलाला फोन गेला. बलभीम नावाचा इसम तुमच्या गावचा का, त्याची वर्तणूक कशी, त्याच्याकडं ड्रोन आहे हे तुम्हाला माहीत आहे का. पाटलानं पारावर बसून हा फोन घेतला. पारावर माणसं होती. दिवस मावळायच्या आत गावाचा सगळा हिशोब जुळला. मागं रात्री दिवे फिरत होते ते कुणाचे, हे कोडं इतके दिवस सुटलं नव्हतं; ते आता सुटलं. नोकरदार माणूस, दिसायला गरीब, कुणाशी फार बोलत नाही. असलीच माणसं असतात.

गोरोबाचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. तो नेहमीसारखा मोठ्यानं बोलत नव्हता. लोक त्याला काय विचारत होते ते त्यानं थोडक्यात सांगितलं. दुधाच्या डेअरीवर त्याला पाहून माणसं बोलायची थांबतात, हेही सांगितलं. मग म्हणाला, "दादा, एक इचारू का. आईला माझ्या इमानावर भरवसा न्हाय, म्हणून तुम्ही इमान आणलं व्हय?"

आमच्याकडं विमानाला इमान म्हणतात. त्यानं शब्दाचा खेळ केला नव्हता. त्याच्याजवळ त्या दोन्ही गोष्टींना तेवढा एकच शब्द होता. मी म्हणालो, तसं नाही रे. तसंच होतं. त्याच्या एका शब्दाची खात्री करायला मी सराफ, सरकार आणि पोलीस एवढे सगळे गोळा केले होते, आणि त्याला मात्र एकदाही सरळ विचारलं नव्हतं. आईनं फोन मागितला. पण तोवर त्यानं ठेवला होता.

दोन दिवसांनी ठाण्याचे कोंडीराम जमादार आमच्या घरी आले. आईचा जबाब घ्यायचा होता, कारण कागदावर लाभार्थी ती होती. जमादार शांत, जाडजूड, निवृत्तीला टेकलेले. आईनं त्यांना आधी त्यांचं गाव विचारलं, मग त्यांच्या आईचं माहेर विचारलं, मग पाणी पाजलं. जबाब सुरू व्हायला वेळ लागला. जमादारांनी मुद्दा लिहिला, की सदर झाड अस्तित्वात आहे किंवा कसे याबाबत वाद असून. मग त्यांचा हात थांबला. ते म्हणाले, आजी, मला आता जागेवर जाऊन झाड बघावं लागंल.

आई म्हणाली, "मी बी येते. मी नसले तर तुमी दुसऱ्याचंच झाड बघून याल."

मी तिला गुडघ्यांची आठवण दिली. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते सांगितलं. गेली काही वर्षं मी तिला खाली देवळात चल म्हणून विनवत होतो आणि ती पायऱ्यांकडं बोट दाखवत होती. त्या दिवशी तिनं पायऱ्यांकडं पाहिलंसुद्धा नाही. लुगडं बदलून ती तयार होऊन बसली. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जमादार आणि मी तिला खाली आणलं. कल्याणप्पा पुढं चालत, वळणावर हात दाखवत, गाडी मागं घेताना कंडक्टर करतो तसं 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत होते. खाली पोचल्यावर तेही पोलिसांच्या जीपमध्ये बसले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण नियंत्रक असल्याशिवाय गाडी सुटत नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. राजेश्वरी डबा घेऊन आली. मी ड्रोन घेतला.

गावात आमची जीप शिरली, आत पोलीस आणि आरोपी दोघंही बसलेले, तेव्हा पारावरच्या लोकांना फार समाधान झालं. ते मागून चालत शेतापर्यंत आले.

रस्त्यापासून विहिरीपर्यंत जीप जात नाही. गोरोबा बांधावर उभा होता. तो सरळ आईकडं आला. आईच्या खुर्चीच्या एका बाजूला तो झाला, दुसऱ्या बाजूला मी, आणि तुरीच्या ओळींमधून आम्ही तिला उचलून नेऊ लागलो. आम्ही दोघं भाऊ इतक्या वर्षांत एका पावलानं कधी चाललो नव्हतो. मी उंच, तो बुटका. खुर्ची त्याच्या बाजूला कलत होती. आई एका हातानं त्याचा खांदा धरून होती. तुरीच्या शेंगा तिच्या मांडीला लागत होत्या आणि ती जाता जाता त्या दाबून बघत होती.

जांभळ जागेवर होती. विहिरीच्या काठाला, थोडी वाकलेली, पार खालपर्यंत पानांनी भरलेली. यंत्र आत घ्यायला गोरोबानं झाड वाचवून पलीकडचा अख्खा बांध फोडला होता आणि पुन्हा घातला होता. नव्या मातीचा पट्टा अजून दिसत होता. हे त्यानं फोनवर कधी सांगितलं नव्हतं. आईनं खुर्ची झाडाजवळ ठेवायला लावली. बुंध्यावर हात ठेवून बसली. मग गोरोबाला म्हणाली, मला कुणी सांगितलं नाही, की जांभळ हाय.

गोरोबा म्हणाला, "रोज सांगत हुतो की."

"तू सांगत हुतास," आई म्हणाली. "खरं हाय म्हणून कुणी सांगितलं न्हाय." एवढं बोलून तिनं त्याच्या हाताला धरून त्याला शेजारी खाली बसवलं आणि बराच वेळ हात सोडला नाही. मी तिथं उभा होतो. मला वाटलं, आपण जरा ओढ्याकडं जाऊन यावं.

तेवढ्यात जमादारांनी साहेबांना फोन लावून सांगितलं, झाड आहे. साहेब पलीकडून म्हणाले, त्या भागाला कुठलीही बंदी नाही, जागा हिरव्यात आहे, वजन हलकं आहे, परवानगी लागतच नाही. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, पण तेव्हा बलभीमरावांनी विचारलं होतं. आता फाईल तयार झाली आहे तर ती बंद करायला हवी. म्हणून त्यांना आत्ताच्या आत्ता, दिवस आहे तोवर, तुमच्या समोर उडवू द्या आणि 'सुखरूप उतरला' असा अहवाल आणा.

कल्याणप्पा म्हणाले, आता कशाला उडवायचा, ज्यांना बघायचं होतं त्या तर झाडाखाली बसल्यात. हे मलाही समजत होतं. पण इतक्या कचेऱ्या फिरून आलेल्या कागदाला उड्डाणाशिवाय परत पाठवणं मला पटेना.

गर्दीवरून उडवू नये असा नियम असल्यामुळं मी आधी सगळ्या गावाला बांधाच्या पलीकडं उभं केलं. ते आनंदानं गेले. काही जणांच्या हातात काठ्या होत्या, त्या त्यांनी खाली ठेवल्या. मी ड्रोन वरंब्यावर ठेवला, फोन हातात घेतला आणि वर सोडला. आवाज ऐकून बैल बुजला. ड्रोन सरळ वर गेला. फोनच्या काचेवर आमचं शेत दिसू लागलं, मग ओढा दिसला, मग डोंगर. त्या छोट्याशा काचेत सगळं इतकं नीट मावलं होतं, की मी आणखी जरा मागं घेतला, म्हणजे कळसही येईल. कळस आला, चित्र निघालं, आणि उतरवायला म्हणून मी ड्रोन फिरवून तसाच मागं घेत आणला. मागं काय आहे ते काचेत दिसत नाही. मागं जांभळ होती.

पंख्यांना कडी असती तर तो कदाचित नुसता धडकून सुटला असता. कड्यांशिवाय तो फांद्यांत शिरला, थोडा गुरगुरला आणि गप्प झाला. पानांचा एक झुबका आईच्या पदरात पडला.

जमादारांनी अहवालाचा कागद काढला होता. ते वर बघत म्हणाले, ह्याला उतरला म्हणायचं का. यावर चर्चा झाली. कल्याणप्पांचं मत पडलं, की रस्त्यात बंद पडलेली गाडी डेपोत पोचेपर्यंत मार्गावरच धरतात. गावातल्या एकानं फांदी तोडायची सूचना केली. आईनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं, तेव्हा तो घरी काम आहे म्हणून निघून गेला. जमादार काहीही लिहीनात आणि मला खोटं लिहू देववेना. ऊन उतरायला लागलं.

मग गोरोबा उठला. जांभळं पाडायची लांब आकडी घेऊन आला. विहिरीच्या काठावर एक पाय आणि बुंध्यावर एक पाय ठेवून त्यानं आकडी वर घातली, ड्रोनच्या पोटाला अडकवली आणि हळूच ओढली. ड्रोन सुटला, आकडीवर क्षणभर टेकला, आणि घरंगळून विहिरीत गेला. विहीर आता चांगलीच खोल होती. आवाज यायला वेळ लागला.

गोरोबा आकडी धरून तसाच उभा होता. मला वाटलं, आता तो म्हणेल, वारं आलं, किंवा आकडीच कमजोर होती. तो माझ्याकडं वळला आणि सगळ्या गावासमोर म्हणाला, "दादा, माझ्या हातनं पडलं. माझी चूक हाय."

मी म्हणालो, असू दे. आई आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. जमादारांनी विहिरीत डोकावून पाहिलं आणि लिहिलं, 'उतरला'. 'सुखरूप' हा शब्द लिहायचा की नाही यावर त्यांनी माझा अभिप्राय विचारला. मी आयुष्यात पहिल्यांदाच एका सरकारी कागदावर अभिप्राय द्यायचं नाकारलं.

राजेश्वरीनं डबा उघडला. गोरोबाच्या बायकोनं शेंगा भाजल्या. जमादार अहवाल खिशात घालून जेवायला बसले, कल्याणप्पांनी उमरग्याकडं जांभळी कशा असतात ते सांगायला घेतलं, आणि आईनं जाहीर केलं, की ती काही दिवस इथंच राहणार आहे. खुर्चीही इथंच ठेवा म्हणाली.

निघायच्या आधी माझ्या लक्षात आलं, की फोनमध्ये शेवटचं एक चित्र तेवढं राहिलंय. ड्रोन फांद्यांत शिरण्याच्या जरा आधीचं. मी ते मोठं करून आईपुढं धरलं. तिनं फोन हातात घेतला आणि काचेवर बोट ठेवून एकेक मोजून घेतलं. ही विहीर. ही जांभळ. ह्यो ओढा. त्यो बघ, येडाईचा कळस. जांभळीखाली खुर्चीत ती स्वतः होती, आणि शेजारी वर बघणारा गोरोबा. बांधापलीकडं अख्खं गाव तोंडं वर करून उभं होतं. जमादार, कल्याणप्पा, राजेश्वरी, सगळे आकाशाकडं बघत होते. बैलसुद्धा.

आईचं बोट एका जागी थांबलं. "समदी वर बघायलीत," ती म्हणाली. "ह्यो एकटाच खाली मान घालून हुबारलेला कोण हाय?"

गोरोबानं वाकून पाहिलं. "दादा हायत."

"व्हय का," आई म्हणाली, आणि फोन मला परत देत म्हणाली, "असू दे. त्याचं काईतरी काम चालू असंल."